अनुपच्या पन्नास लिटरच्या भांड्याची हकीकत

पिपरी (मेघे), वर्धा

चि. अनुप यास रामाजीकाकाचा जय भीम. तुझी तब्येत बरी असंल असं समजून चालतो, कारण बिघडली असती तं तू आईले फोन केला असता, अन् तिनं मले सोडलं नसतं. इकडं ऊन मरणाचं तापून राह्यलं, बाकी ठीक. मोबाईल असतांना पत्र काऊन, असं म्हणशील. बाबू, माह्या मोबाईलवरचे मेसेज तुझी आईच वाचून दाखवते (माह्या चष्म्याचा नंबर वाढला), अन् "आईले सांगू नका" हे तुझं वाक्य ती वाचता वाचता राह्यली. म्हणून हे पाकीट.

तू पाठवलेलं भांड्याचं चित्र घेऊन मी बंडूजीकडं गेलतो. हा दुधाचे कॅन जोडतो. त्याच्या वेल्डिंगमधून थेंब गळत नाई, तोंडातून मात्र सगळंच गळते. तू लिहिलं होतं, पुण्यातल्या ऑफिसच्या चहासाठी विजेवरचं भांडं. बरं. पहिला वाद तोटीवरून. मी म्हटलं, चहाले दाबली की वाहणारी अन् सोडली की बंद होणारी तोटी पाहिजे. तुझ्या चित्रात बुडाशी जाड बॉल व्हॉल्व्ह, तोही खोलून धुता येणारा. मंग जाळी, पाच किलो माल मावणारी. (पाच किलो चहापत्ती! तुमचं ऑफिस झोपते कवा?) मंग थर्मामीटर, सासष्ट डिग्रीवर तासभर स्थिर. बंडूजीनं मोबाईलवर तसंच एक भांडं काढून दाखवलं. शेजारी दाढीवाला गोरा, हातात ग्लास, ग्लासात फेस. म्हणे, "रामाजी, हे बीअरचं होय. आपला जिल्हा दारूबंदीचा, मले आत टाकता का?" मी म्हटलं, आमच्या पोरानं चहा लिहिला म्हणजे चहाच. पण खरं सांगतो, मी भ्यालो. पोलिसाची भीती नाई, तुझ्या आईची. विहाराच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष. पाचवं शील, दारूले न शिवण्याचं, साऱ्या वस्तीकडून घोकून घेते. तिले कळलं तं ती तुले बोलणार नाई, जेवण सोडंल.

तरी काम पुरं केलं. चौतीस वर्षं लाइनमन होतो, म्हणून हीटरच्या बाबतीत कोणाचंच ऐकलं नाई. साडेतीन हजार वॅट, अन् तू घरच्या साध्या प्लगमध्ये लावणार होता? अर्थिंग वेगळं, एमसीबी वेगळा. शॉक लागून मेला असता तं आईले काय सांगतलं असतं, चहा करत होता म्हणून? भांडं ऑटोत टाकून आणलं तं दारातच तुझी आई. हे कोणाचं, म्हणे. माह्या तोंडून आपसूक निघालं, अनुपनं विहाराले दान देलं, पौर्णिमेच्या खिरीसाठी. बावा, तिच्या डोळ्याले पाणीच आलं. तिनं त्याच ऑटोत भांडं परत नेलं अन् बंडूजीकडून नाव टाकून आणलं, बोटभर अक्षरात: चि. अनुपकडून विहारास. आता ते पुसता येत नाई. भांडं गेलं पण घर राह्यलं, असं समज.

तुझा काका,
रामाजी

ता. क. खिरीची चाचणी घेतली. शिजल्यावर सासष्ट डिग्रीवर ठेवली, तासभर गरम राह्यली, बुडाले लागली नाई. तुझ्या व्हॉल्व्हमधून तांदूळ सरसर आला; माही तोटी असती तं तुंबली असती. तोटीच्या बाबतीत तुझंच बरोबर.

ता. क. पत्राचं कारण हे, की पौर्णिमेले तुझा सत्कार ठेवला आहे. माइकवर पंचशील तूच म्हणायचं आहे. पाचव्यापाशी आवाज बारीक करू नको, आई पहिल्या रांगेत बसते. आजच तिकीट काढजो.

ता. क. (हे अक्षर आईचं.) भाऊजींनी पाकीट पोस्टात टाकाले मलेच देलं, अन् चष्म्याविना डिंक भलतीकडंच लावला. ऑटोपाशी रडली ते दानामुळं नाई रे, तू माह्यापासून लपवलं म्हणून. मागं तुझ्या खोलीवर आलती तवा पलंगाखाली झाडलं होतं मी. तो फेस आलेला वीस लिटरचा डबा बी रिकामा करून घेऊन येजो. त्याच्यावरही नाव टाकून घेऊ.