तासाला वीस रुपये

३ एप्रिल, सकाळी ९.४०
आजपासून रोजनिशी. लढ्याची नोंद राहिली पाहिजे. बाजारपेठेत पे अँड पार्क सुरू झालं. चारचाकीला तासाला वीस रुपये. आणि तिकडे तळेगावच्या अलीकडे हायवेवर जो नवा मॉल झालाय, तिथे दिवसभर फुकट. परिणाम: काल दुकानात चार माणसं आली, त्यातली दोन पत्ता विचारायला. लोणावळ्यात भांड्यांचं दुकान सव्वीस वर्षं चालवतोय. माणूस वीस रुपयांसाठी इतका घसरेल असं वाटलं नव्हतं.
संकल्प: पंधरा दिवसांत पे अँड पार्क बंद पाडणे.

३ एप्रिल, दुपार
पावत्या फाडणारा संदेश दुकानात आला. पाडव्याला घेतलेल्या माझ्या गाडीचं कौतुक केलं. पांढरी आहे, सीटचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. दुकानदारांना महिन्याचा पास मिळतो म्हणाला. लगेच काढला. माझ्या दारात एकच गाडी मावते, अलीकडे विजेची डीपी, पलीकडे नो पार्किंग. ती जागा आपण नाही धरली तर मुंबईची माणसं येऊन धरतात, गाडीतच बसून भजी खातात आणि कागद माझ्या पायरीवर टाकतात.
लढा वेगळा, पास वेगळा.

५ एप्रिल
कुसगावच्या हौशीरामआबांचा फोन. नात समीक्षाचं लग्न, मे महिन्यात. आबांच्या घरातल्या प्रत्येक लग्नाची भांडी आमच्याच दुकानातली, वडिलांपासून. कळशी, हंडा, डबे, ताटं, सगळं मिळून मोठी ऑर्डर. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो: ही ऑर्डर गेली तर यंदाचा सीझन गेला, आणि दुकान भाड्याने द्यायचा अनघाचा हट्ट मला मानावा लागेल. अनघा म्हणजे बायको. तिला धंद्यातलं कळत नाही.
आबांची अट एकच. अतुल, गुडघे गेलेत, चालवत नाही, गाडी दारात लागली पाहिजे. मी म्हटलं, आबा, दार आपलंच आहे. बुधवारी सोळा तारखेला येतात.

८ एप्रिल
निवेदन लिहून काढलं. नऊ पानं. पान चारवर 'ग्राहक हा देव आहे आणि देवाकडून पार्किंग घेत नाहीत' असं एक वाक्य जमलंय. सह्या तीन: माझी, अनघाची आणि संदेशची. संदेशला वाचू दिलं नाही.
सही करताना तो म्हणाला की शेठ, मागच्या मैदानात फुकट लागते, चार मिनिटांवर आहे, तुमची गाडी तिकडे लावत चला, दारात गिऱ्हाईक येईल. तासाला पावत्या फाडणारा मला धंदा शिकवणार. सव्वीस वर्षांनंतर मी मैदानातून चालत दुकानात येऊ?

१३ एप्रिल, रविवार
मॉलवर अभ्यासदौरा. शत्रू जवळून बघितला पाहिजे. अनघाला सोबत नेलं, कारण एकटा पुरुष मॉलमध्ये फिरताना बरा दिसत नाही.
अत्यंत हीन ठिकाण. थंड हवा, सरकते जिने, सगळे विनाकारण खुश. भांड्यांच्या विभागात कुणाला पितळ आणि तांबं यातला फरक माहीत नाही. एका पोरीने मला 'सर, हेल्प करू?' असं विचारलं. मला!
गाडी तळघरात लावली होती. खांबाचा नंबर लक्षात ठेवण्याची मला गरज वाटली नाही. पन्नास मिनिटं शोधली. चालणं झालं. अनघाने तेवढ्यात पाच लिटरचा कुकर घेतला, आपल्याकडे सात प्रकारचे असताना. म्हणाली, तिथे शांतपणे बघता आला. 
एकूण साडेचार तास थांबलो. पार्किंगला पैसे पडले नाहीत, हे मात्र मान्य.

१६ एप्रिल, संध्याकाळ
आबा आले नाहीत.
सकाळी नऊपासून तयार होतो. नवी गादी घातली, हंडे पुसून घेतले, चहाचं सांगून ठेवलं. अकराच्या सुमारास एक राखाडी बोलेरो दारावरून गेली, हॉर्न वाजवत. थोड्या वेळाने परत तीच. तिसऱ्यांदा तर थांबलीच, मागे सगळं ट्रॅफिक तुंबलं. आतून कोणीतरी हात करत होतं. चष्मा काउंटरवर होता, पण पर्यटक ओळखायला चष्मा लागत नाही. मीही हातानेच पुढे जा म्हणून खूण केली. असल्यांना दारात जागा हवी असते आणि घ्यायचं काही नसतं.
आबांना बरं नसेल.

१८ एप्रिल
आबा फोन उचलत नाहीत. अनघा म्हणाली, मॉलला गेले असतील. मी तिला हिशेब करून दाखवला. बाजारात तीन तास थांबले तरी साठ रुपये. मॉलला जाऊन यायचं तर डिझेलच चारशेचं, टोल वेगळा. शेतकरी माणूस इतका खुळा नसतो. ती म्हणाली की प्रश्न पैशाचा नसेल. मग कशाचा असणार?
निवेदन द्यायचं राहिलं. नऊ पानांची झेरॉक्स काढायला जायचं तर गाडी काढावी लागते, आणि काढली की जागा जाते.

२३ एप्रिल, रात्री
आज पाच वाजता आबा आले. नातवाच्या खांद्यावर हात टाकून, मैदानातून चालत. घामाघूम. मागे दोघांच्या डोक्यावर गोणी. मला वाटलं, जुनी भांडी मोडीत द्यायला आणली. आत कोरी भांडी होती. मॉलची.
तिथे भांड्यांवर नावं घालून देत नाहीत, म्हणून आबा आले होते. माझ्याकडे मशीन आहे.
मी मशीन लावलं. 'सौ. समीक्षा हिस आजोबांकडून' असं एकेका ताटावर कोरत बसलो. आबा गादीवर गुडघे चोळत होते. मग आपणहून म्हणाले, "घ्यायची तुज्याकडंच हुती. तीन चकरा मारल्या आमी. हात केला, तर तू फुडं जा म्हनलास. दारात ही पांढरी गाडी. कुनाची हाय रं?"
मुंबईच्या कुणाची तरी असेल, म्हणालो.
"त्याला गाठ आन् सांग. तुज्यापायी माज्या अतुलचं गिऱ्हाईक तुटलं."
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. एका डब्यावर 'समीक्षा'मधला क्ष चुकला, तो डबा मी माझ्याकडचा बदलून दिला. नावं घालायचे पैसे घेतले नाहीत. आबांनी दोनदा विचारलं.
सात वाजता नातवाने बोलेरो आणली. दारात जागा नव्हती, रस्त्यातच उभी केली. आबा म्हणाले, चल, तुला घरी सोडतो, का तुजी गाडी हाय? नाही म्हणालो आणि मागे गोण्यांमध्ये बसलो.
निघताना आबांनी काचेतून हात बाहेर काढून पांढऱ्या गाडीला एक शिवी हासडली. मग मागे वळून माझ्याकडे बघत राहिले. मीही हासडली. अगदी मनापासून.