आबांच्या फियाटला एसी

मेहरूण, मंगळवार संध्याकाळ

आज दुपारी धुळ्याहून फियाट आणली. एसी, मऊ सीटा, पॉवर स्टिअरिंग, समोर मोठी स्क्रीन, सगळं बसवून. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा काढून मेकॅनिकने गिअर खाली घेतला. त्याने विचारलं होतं, मीच हो म्हणालो. का म्हणालो?

आबा घरात मला, पोटच्या मुलाला, ओळखत नाहीत. पण अंगणातल्या या गाडीत बसले की हात आपोआप त्या दांड्यावर जायचा आणि मला नावाने हाक मारायचे, "सुभाष, चाल, अमळनेर जाऊत." त्यांना ऊन सोसत नाही, गाडीत जास्त वेळ बसता यावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आज त्यांना गाडीत बसवलं. त्यांचा हात स्टिअरिंगशेजारी दांडा चाचपत राहिला. एसीचा वारा लागला तसे दचकले.

"कोनी गाडी शे ही?"

"आपलीच शे, आबा."

"नही. माले घर ली चाल."

आम्ही घराच्या दारातच तर होतो.

मेकॅनिकला फोन केला. जुना दांडा, जुना डॅशबोर्ड परत बसेल का?

"भाऊ, ते कापलं ना. भंगारात गेलं."

त्याचा काय दोष.

आबांना हाताला धरून आत नेलं, पलंगावर बसवलं. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. म्हणाले, "भाऊ, तू भला मानूस शे. तुना बाप वाट देखत व्हई. जाय आते घर."