इंग्रिडच्या घड्याळातला तास

८ ऑक्टोबर
कॉलेजच्या ऑनलाइन प्रोजेक्टची तिसरी मीटिंग. माझी जोडीदार इंग्रिड, नॉर्वेची. (यापुढे इं.) विषय आम्हीच निवडला, मासळी सुकवणाऱ्या बायका. तिची आई मोठाले मासे लाकडी माचांवर टांगते, माझी आई बोंबील बांबूंवर. त्यांचा हंगाम फेब्रुवारीत, आता माच रिकामे. मी आमचे भरलेले बांबू दाखवले. इं. किती वेळ नुसती बघत बसली. म्हणे, वास येतोयसं वाटतं. म्हटलं, येत नाही तेच बरंय बाई! हसली की डोळेच दिसत नाहीत तिचे.

१७ ऑक्टो.
मीटिंग नव्हती तरी बोललो. माझं इंग्रजी अडखळतं, तिचंही. वर्गात मी तोंड उघडत नाही, हिच्याशी नुसती बडबड. तिच्या खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसतो. बाबांना पासपोर्टचं विचारायची सोय नाही, म्हणतील, होडीनं जातेस का? पण एकदा, एकदाच, तिच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायचीय मला. फार वाटतं.

२४ ऑक्टो.
ठरलं! शेवटच्या दिवशी दोघींच्या आया समोरासमोर, आम्ही दुभाषी. इं.ची आई कामावर सुट्टी टाकतेय. आता दिवाळी, मग थेट ५ नोव्हेंबर, नेहमीसारखं आमच्या दीडला, त्यांच्या दहाला.
आई म्हणे, "मी काय बोलू गो त्या गोरीशी?" मग भाकरी थापता थापता, "तिला इचार, पावसात काय करता?"

५ नोव्हें.
आईने लग्नाकार्याची साडी नेसली, अबोलीची वेणी. बोंबील मावशीच्या हवाली. बांबूंजवळ दोन खुर्च्या टाकल्या. सव्वाला लिंक उघडली. दीड. 'प्रतीक्षा करा'. पावणेदोन. कुणी नाही. ऊन मी म्हणत होतं. शेजारणी हसायला लागल्या, "काय गो, पाहुनी न्हाय आली?"
माझं डोकंच सणकलं. दोनला इं.ला लिहिलं, आमच्या आयांना कामं असतात, तुम्हा लोकांच्या करमणुकीसाठी त्या बसलेल्या नाहीत. फोन बंद. आई साडी बदलून बोंबलांकडे गेली.

संध्याकाळी
फोन चालू केला. अडीचपासून इं.चे नऊ निरोप. कुठेयस? आई आलीय माझी. शेवटचा, तुझं आत्ता वाचलं. बस.
प्रोजेक्टच्या मॅडमना फोन केला. म्हणाल्या, अगं, थंडीत त्यांची घड्याळं तासभर मागे नेतात, ग्रुपवर टाकलं होतं की! होतंच. वाचलं नव्हतं मी. भरती रोज किती पुढे सरकते ते आम्हाला पाठ, पण घड्याळ सरकतं हे कुणाच्या बापाला ठाऊक!
'तुम्हा लोकांच्या'. असं कसं लिहिलं मी...

६ नोव्हें.
चार वेळा सॉरी. वाचलंय, उत्तर नाही. मॅडम म्हणाल्या, आईचं नुसतं रेकॉर्डिंग पाठव, मार्क जाणार नाहीत. मार्क गेले चुलीत. मला ती हवीय.
आईला खरं सांगितलं. वाटलं, चांगली झापेल. तर म्हणाली, "मंग ती बाय बी बसली आसंल वाट बघत. माझ्यावानी नटून."
तेव्हा रडले.

७ नोव्हें.
मीटिंगची लिंक आजपर्यंतच चालेल. सकाळी इं.ला लिहिलं, तुमच्या दहाला, आमच्या अडीचला मी आणि आई बसतोय. नाही आलात तरी बसू.

२.२० तीच साडी, वेणी ताजी. मावशीने विचारलं, आज पण? आई म्हणाली, "आज पण."

२.३१ 'प्रतीक्षा करा'. वही मांडीवर घेतलीय.

२.४५ कुणी नाही. इं.ने सकाळचा निरोप वाचलाय एवढं दिसतंय. म्हटलं, चल आई, उठू.
"बस खाली," म्हणाली. "त्या दिशी आपन उठलो, म्हून तर झाला सगला." आणि पदर सारखा करून पुन्हा स्क्रीनकडे बघत बसली.