मॅलकीची खुर्ची

किल्नागार्न, काउंटी लीट्रिम
३ नोव्हेंबर १९६८

ती. विनीआत्यास,
फेलिमचा सा. न. (साष्टांग घालायला इथली जमीन फार ओली आहे, समजून घे.)

मी त्या खुर्चीत बसलो, त्या क्षणी सगळं बदललं. आधी हेच लिहून टाकतो, नाहीतर पानभर हवापाणी लिहीन आणि मुद्दा राहून जाईल.

ऑक्टोबर लागला की तू नातलगांकडे भुतं मागत फिरतेस, कादंबरीला हवीत म्हणून. यंदा एक मी देतो. भूत मीच आहे.

ऊना मॅकगोवर्नपायी मी कॉलेज सोडलं, असं बाबा गावभर सांगतात. प्राध्यापकाशीही माझं वाजलं होतं, ते सांगत नाहीत. पण हो, तिचा भाऊ मॅलकी इंग्लंडात बांधकामावरून पडून गेला, त्याला तिकडेच पुरलं, आणि ऊनाला शिक्षण सोडून आईपाशी परतावं लागलं. मागोमाग मीही इथल्या डेअरीत दुधाचे कॅन उचलायला आलो. तिने मला हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं.

हॅलोविनच्या संध्याकाळी, ३१ ऑक्टोबरला, मी न बोलावता तिच्या घरी गेलो. माणसं दोन, ताटं तीन. तिसरी खुर्ची चुलीकडे ओढून ठेवलेली, कुस्करलेल्या बटाट्यांवर लोणी वितळतंय. आत्या, मला वाटलं, मी येणार हे ऊनाने ओळखलं! टोपी काढली, बसलो आणि जेवायला लागलो.

आपल्याकडे मेलेल्यांचं ताट दोन नोव्हेंबरला मांडतात. इथे हॅलोविनलाच मांडतात, हे मला कुठे माहीत? ऊनाचा चेहरा पांढराफटक. आणि इथली रीत अशी की त्या जागेवर जो बसेल त्याला उठवायचं नाही. तिची आई, डेलियाबाई, माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं की मीठ पुरेसं आहे ना. निघताना म्हणाल्या की उद्याही ये हं, मॅलकी.

आणि मी गेलो. हसायचं तर मनात हस, पण माया कमी करू नकोस.

तुझा फेलिम


रॅथमाइन्स, डब्लिन
७ नोव्हेंबर

चि. फेलिमला विनीआत्याचे अ. आ.

गाढवा, मी जन्मभर भुतांच्या मागे पळतेय आणि माझा भाचा त्यांच्या ताटातले बटाटे खाऊन येतो! सगळं नीट लिही. खुर्चीला हात होते का? मांजर असेल तर ते कुठे बसलं होतं? नाव घेताना बाईंचा आवाज कसा होता? माझ्या कादंबरीचं प्रकरण अगदी याच ठिकाणी अडलंय, देवानेच तुला धाडलं.

तुझा बाप रविवारी येऊन गेला. म्हणाला की कार्टं कॅन उचलायला जन्माला घातलं नव्हतं. मी म्हटलं, कविता करण्यापेक्षा बरं. जाताना मात्र तुझ्यासाठी लोकरीचे मोजे ठेवून गेला. पाठवते आहे. मी दिले असं समज, नाहीतर तू घालायचा नाहीस.

उलट टपाली लिही. जीव टांगणीला आहे.

तुझी विनीआत्या


किल्नागार्न
१७ नोव्हेंबर

ती. विनीआत्यास,
नमस्कार. साधाच, कारण मी चिडलोय.

मांजर कुठे बसलं म्हणे! इथे माझा जीव जातोय आणि तुला मांजर हवंय. मांजर नाहीये. लिही तुझ्या प्रकरणात.

मी रोज संध्याकाळी जातो. डेलियाबाई वाट बघत असतात. मॅलकीचा स्वेटर मला घातलाय, बाह्या बोटांवर येतात. कॅन जपून उचल म्हणतात, केस कापून ये म्हणतात. घरी असं कुणी बोललं असतं तर मी ताट भिरकावलं असतं. इथे मुकाट्याने केस कापून आलो. कारण समोर ऊना असते.

पण कशी असते, ते ऐक. परवा तिने मला विचारलं की शाळेतला तो नवा मास्तर नाचायला बोलावतोय, जाऊ का. भावाला विचारतात तसं! मी म्हटलं, त्याचे कान बघ, वाऱ्याने उडून जाईल तो. ती खूप हसली आणि पाठीत धपाटा घालून म्हणाली की मॅलकीही अस्संच बोलला असता.

त्या घराएवढी ऊब मला कुठेच मिळत नाही, आणि तिथल्याइतकं एकटंही कुठे वाटत नाही. फेलिम म्हणून हाक मारणारं या गावात कुणी उरलं नाही. डेअरीतसुद्धा मला आता मॅकगोवर्नांचा पोरगा म्हणतात.

बाबांचे मोजे मिळाले. घातलेत. त्यांना सांगू नकोस.

फेलिम


रॅथमाइन्स
२२ नोव्हेंबर

चि. फेलिम,
अ. आ. आणि मांजराबद्दल माफी.

तुझं पत्र वाचून मी ते प्रकरण बंद करून ठेवलं. ती गोष्ट तुझी आहे, मला नको.

एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. मीही दरवर्षी ताट मांडते. कुणासाठी, ते राहू दे. पुस्तकांत माझी भुतं जिने चढतात, दारं वाजवतात. माझ्या जिन्यावर कधी कुणी आलं नाही. सकाळी तेच गार जेवण मी चहाबरोबर संपवते. म्हणून डेलियाबाईंना मी हसणार नाही. माझ्या ताटावर कुणी वेंधळा येऊन बसला असता, तर मीही त्याला जाऊ दिलं नसतं.

पण तू ऊठ. भुताला कुणी विचारत नाही की बाबा, तुला काय हवंय. तू जिवंत आहेस. ऊनाला स्वतःच्या तोंडाने विचार. नाही म्हणाली तर ते ‘नाही’ निदान तुझं स्वतःचं असेल.

भांडण न करता विचार, एवढं आत्यासाठी कर.

विनीआत्या


किल्नागार्न
१ डिसेंबर

ती. विनीआत्यास,
सा. न.

भांडलो नाही. ऊना विहिरीवर भेटली, तिथेच विचारलं. तिने बादली खाली ठेवली. मग म्हणाली की हॅलोविनच्या आधी विचारलं असतंस तर कदाचित हो म्हटलं असतं. आता तुझ्याकडे बघितलं की मला एवढंच दिसतं की तू तो नाहीस. नाताळपर्यंत तरी येत राहा, आईला किती दिवसांनी झोप लागतेय, अशी तिने गयावया केली. मला होकार ऐकायचा होता आणि मिळाली ही विनवणी. बादलीला लाथ मारावीशी वाटली. मारली नाही. उचलून घरापर्यंत नेली.

आत डेलियाबाई ताट वाढत होत्या. मी बसलो नाही. म्हणालो की मी फेलिम, आजपासून यायचा नाही. वाटलं, त्या कोसळतील. त्यांनी पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या की मला काय डोळे नाहीत? माझा मॅलकी तुझ्याहून वीतभर उंच होता, आणि मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घ्यायचा. तू महिनाभर अळणी जेवलास, चकार शब्द काढला नाहीस. मीठ पुरेसं आहे ना, एवढंच मला कुणाला तरी विचारायचं होतं रे. मग त्यांनीच माझ्या अंगातला स्वेटर उतरवला, लहान मुलाचा उतरवतात तसा, डोक्यावरून. म्हणाल्या की जा आता, या खुर्चीची सवय लागायच्या आत जा.

ऊना चुलीपाशी पाठमोरी उभी होती. वळली नाही. मी टोपी घातली, बाहेर आलो, आणि दार ओढून घेतलं.

तुझा,
फेलिम