शनिवारी केलेली गुरुवारची सही

॥ श्री ॥

ठाकुर्ली,
३ जुलै २०२५

चि. ऋजुता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन बाजूला ठेवून पत्र का लिहितोय हे तुला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांचा नियमच होता : घरात वाद झाला तर तो ताटावर आणायचा नाही, कागदावर मांडायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी पोटभर जेवून लिहायचं. मी टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढली, तेव्हा ठाकुर्लीहून ठाण्याला पत्र जायला तीन दिवस लागतात याची मला लाज वाटायला हवी. पण तेवढ्यात राग निवतो, हा फायदाही आहेच.

तर राग. रविवारी जेवताना तू सहज सांगितलंस की बडतर्फ पोलीस उपायुक्त शिरीष कारखानीस यांच्या अटकपूर्व जामिनाला विरोध करायचं काम सरकारी वकील म्हणून तुझ्याकडे आलंय. माझा घास हातातच राहिला. अगं, कारखानीस साहेब! आपल्या इमारतीतल्या मायाताईंच्या घरात गुंड घुसले, त्या बिचाऱ्या आठ महिने भाचीकडे राहिल्या, तेव्हा स्वतः उभं राहून कुलूप तोडून किल्ली त्यांच्या हातात देणारा हा माणूस. दर शनिवारी चार वाजता आम्हा म्हाताऱ्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजायचा आणि प्रत्येकाचं ऐकून घ्यायचा. असा अधिकारी मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. बड्या पुढाऱ्याच्या पुतण्याच्या बेकायदा इमारतीला हात घातला आणि गेल्या वर्षी साधी चौकशीही न करता घरी बसवलं. आता म्हणे एका टेम्पोवाल्याला कोंडून मारहाण केल्याचा खटला भरायची सरकारने परवानगी दिली. चोर सोडून संन्याशाला सुळी!

याविरुद्ध विरोधी पक्षाचा उद्या कल्याणला मोर्चा आहे. पक्षबिक्ष मी मानत नाही, पण आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने साहेबांसाठी सह्यांची मोहीम काढलीय आणि अध्यक्ष म्हणून पहिली सही माझी आहे. तू हे काम दुसऱ्या कुणाला तरी देशील, असं मी धरून चालतो.

आईचे गुडघे बरे आहेत. जावईबापूंना नमस्कार. रागावलो असलो तरी लोभात घट नाही, हे जाणून असावे.

तुझा,
बाबा

—

ठाणे,
८ जुलै २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नियमाप्रमाणे काल वाचलं, आज वालाची उसळ आणि भात जेवून उत्तर लिहायला बसलेय. आधी एक सांगा, पत्राच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग कसला? भजी खाताना लिहिलंत ना? आईला कळलं तर तुमच्यावर मोर्चा निघेल.

बाबा, कारखानीस साहेबांबद्दल तुम्हाला जे वाटतं ते मलाही वाटायचं. नवीन वकील होते तेव्हा त्यांची साक्ष ऐकायला मी मुद्दाम कोर्टात जाऊन बसलेले. समोरच्या वकिलाने कितीही फिरवून विचारलं तरी आवाज चढायचा नाही, एक शब्द जास्त जायचा नाही. त्यांनी मायाताईंना घर मिळवून दिलं ते खरंच आहे, ते कुणी खोडू शकणार नाही. आणि खटला भरण्यामागे सरकारचा हेतू धुतल्या तांदळासारखा आहे असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही. मलाही पेपर वाचता येतो.

पण सरकारचा हेतू वाईट असला म्हणून डिनोला झालेला मार खोटा ठरत नाही. डिनो म्हणजे आपल्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या कोपरच्या आयरीनमावशीचा मुलगा, हे तुम्हाला माहीत आहे ना? दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीत सराफाचं दुकान फोडलं, तेव्हा त्याचा टेम्पो चोरांच्या टेम्पोच्याच रंगाचा होता म्हणून उचललेला. त्याचं म्हणणं, सोमवारपासून तीन दिवस कुठेही नोंद न करता कोंडून मारलं आणि गुरुवारी अटक दाखवली. पोलिसांचे कागद म्हणतात, गुरुवारीच पकडला, तोही त्याच्या घरी, दोन प्रतिष्ठित पंचांसमोर. पुढे खरे चोर सापडले आणि याला दोन महिन्यांनी सोडून दिलं.

संन्यासी कोण हे कोर्टाला ठरवू द्या. काम मी सोडणार नाही. तुम्हीच शिकवलंय की आलेलं टपाल पत्ता बघून वाटायचं, तोंड बघून नाही.

आईला नमस्कार. तुमची माया माझ्यावर होती तेवढीच राहू दे, भजी मात्र कमी करा.

तुमची,
ऋजुता

—

ठाणे,
१५ जुलै २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज न जेवताच लिहितेय, माफ करा.

काल मी कारखानीस प्रकरणातून बाजूला झाले. आमच्या वरिष्ठ सरकारी वकिलांना तसं लेखी दिलं. कारण एवढंच, की त्या गुरुवारच्या पंचनाम्यावर पहिला पंच म्हणून तुमची सही आहे. विश्राम दत्तात्रय खोपकर, सेवानिवृत्त, टपाल खाते. अक्षर मी ओळखलं. ज्याचे वडील साक्षीदार त्याने तो खटला चालवायचा नसतो.

तुम्हाला जबाबाला बोलावतील. काय सांगा, काय सांगू नका, यातलं एक अक्षरही मी बोलणार नाही. मला तो अधिकार नाही. स्वतःचा वकील करा, एवढंच सांगते. त्या कागदावर काही चुकीचं असेल तर ते तुमच्याही अंगाशी येऊ शकतं.

बाबा, मी रागावलेली नाही. घाबरलेय.

आशीर्वाद असू द्यावा.

ऋजुता

—

ठाकुर्ली,
१९ जुलै २०२५

चि. ऋजुतास आईचे आशीर्वाद.

तुमच्या बापलेकीच्या पत्रव्यवहारात मी आजवर पडले नाही, कारण तुम्ही दोघं लिहिता आणि मधल्या तीन दिवसांत दोघांचं तोंड मला बघावं लागतं. पण आता लिहिते. तुझं दुसरं पत्र आल्यापासून हे जेवत नाहीत. काल पुरणपोळी केली होती, तीही अर्धी टाकली. यांनी पुरणपोळी टाकलेली मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली.

तू त्यांना काही सांगायचं नाहीस हे कळलं. मी काही वकील नाही, मी सांगितलं. त्या आठवड्यातलं मला सगळं आठवतंय. मंगळवारी आयरीन मासळीची पाटी न घेता रिकाम्या हाताने आली होती. सोमवारीच पोरगा उचलून नेलाय, तुमचे साहेब ओळखीचे आहेत, एक शब्द टाका म्हणून यांच्या पायाशी बसली. ह्यांनी तिला पाणी दिलं आणि धीर दिला की साहेब देवमाणूस आहेत, अन्याय होणार नाही. शनिवारी चहाला गेले तेव्हा तेवढ्याच कामासाठी गेले होते. परत आले ते खुशीत. साहेब लक्ष घालतो म्हणाले, असं सांगितलं. सहीचं काही बोलले नाहीत.

आणि ते गुरुवारी कोपरला गेले होते असं कुणी म्हणत असेल, तर त्या गुरुवारी हे दिवसभर माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. मी हे यांना तोंडावर म्हटलं. तर म्हणाले, सरोज, मला माहीत आहे. आणि गॅलरीत जाऊन बसले.

अगं, हा माणूस शेजारच्याची छत्री चुकून आली तर पावसात परत द्यायला जातो. मला त्यांची काळजी वाटते. आयरीन त्या आठवड्यानंतर आपल्याकडे आली नाही, मी मासळी बाजारातून आणते. आता कळलं का ते.

येताना माझी निळी साडी घेऊन ये. पोरांना पापा. तुझ्या बापाला सांभाळून घे, हेच मागणं.

आई

—

॥ श्री ॥

ठाकुर्ली,
२७ जुलै २०२५

चि. ऋजुता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी आज लिहून ठेवतोय, जबाब झाल्याशिवाय पेटीत टाकणार नाही. म्हणजे तुझ्यावर कसला बोल नको. वकील केला आहे. मृणाल सामंत म्हणून आहेत, तुझ्याहून लहान, पण मला शाळेतल्या पोरासारखं बसवून ठेवतात.

त्या शनिवारी मी खरोखरच डिनोसाठी गेलो होतो. साहेबांनी ऐकून घेतलं, काका, मी बघतो म्हणाले. मग चहा आला. चहाबरोबर एक कागद आला. साहेब म्हणाले, पंचनामा आहे, पंच ऐन वेळी आजारी पडला, तुमच्यासारख्या माणसाचं नाव असलं की कागदाला वजन येतं. मी वरची तारीख पाहिली. गुरुवार. कोपरचा पत्ता पाहिला. डिनोचं नाव पाहिलं. हे सगळं मी पाहिलं, ऋजुता. न वाचता सही केली असं म्हणायची सोय मला नाही. मला इतकंच वाटलं की साहेब करतायत म्हणजे बरोबरच असणार, आणि त्यांनी एवढ्या माणसांतून मला निवडलं. छाती फुगली होती माझी. ज्याला सोडवायला गेलो, त्यालाच अडकवणारी सही करून, बिस्कीट खाऊन घरी आलो.

पोस्टात सकाळी दार उघडल्यावर पहिलं काम काय असायचं सांगू? शिक्क्यातली तारीख बदलायची, वहीत एक ठसा उठवायचा आणि त्याखाली सही करायची, की आजची तारीख बरोबर आहे. छत्तीस वर्षं मी ती सही केली. आजारी असताना केली, आई गेली त्याच्या चौदाव्या दिवशी केली. एकदाही चुकली नाही. आणि निवृत्त झाल्यावर एका कप चहावर गुरुवार लिहिलेला मान्य केला.

मागच्या आठवड्यात साहेब घरी आले होते. एकटेच, साध्या कपड्यांत. तुझ्या आईने पोहे केले, त्यांनी आवडीने खाल्ले. वाळलेत खूप. निघताना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, काका, तुम्ही त्या दिवशी कोपरला होतात, एवढंच लक्षात ठेवा. नाहीतर ज्यांनी मला घालवलं ते जिंकतील. मला रडू आलं. ते म्हणतात ते खरंही आहे, जिंकणारे काही सज्जन नाहीत. मायाताईंना किल्ली दिली तो हात याच माणसाचा आणि डिनोवर पडला तोही त्याच्याच हुकमाने. माझ्या डोक्यात हे दोन्ही एकत्र मावत नव्हतं. अजूनही नीट मावत नाही.

परवा कोपरला गेलो. दोन वर्षं उशिरा का होईना, पंचनाम्यातल्या त्या घरी पहिल्यांदा गेलो. आयरीन ओट्यावर बोंबील साफ करत होती. मी सगळं सांगितलं. तिने हात थांबवला नाही. शेवटी म्हणाली की माझ्या ओट्यावर बोलून काय उपयोग, इथे कोण लिहून घेतंय, जिथे लिहून घेतात तिथे बोला. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बरोबरच आहे तिचं.

संघाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. मोहिमेतली माझी सही मागे घेतली. कारखानीस साहेबांनी केलेलं चांगलं मी विसरणार नाही आणि तसंही जबाबात सांगणार आहे. पण गुरुवारी मी तिथे नव्हतो.

माझ्यावर खटला होईल का, मृणालबाईंना नक्की सांगता येत नाही. झाला तर तुला खाली मान घालावी लागेल, तेवढं सोस. आशीर्वाद द्यायचा हक्क उरला असेल तर तो देतो.

तुझा,
बाबा

ता. क. – पत्रावर २७ जुलै आहे, पण पेटीत आज, ११ ऑगस्टला, कल्याणला कोर्टासमोर टाकतोय. दोन्ही तारखा खऱ्या आहेत.

—

ठाणे,
१५ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. आज जेवले आणि लिहायला बसले. पण मला जे सांगायचंय ते पत्र यायच्या आधीचं आहे.

आधी बातमी, म्हणजे पेपरमधून अर्धवट कळायला नको. कारखानीस साहेबांना परवा अटकपूर्व जामीन मिळाला. एका पक्षाने न्याय झाला म्हणून पेढे वाटले. दुसऱ्या पक्षाने, खटला तर उभा राहिला म्हणून पेढे वाटले. डिनोला कुणी पेढा दिल्याचं ऐकलं नाही. खटला चालेल, वर्षं जातील. तुमच्या सहीचं पुढे काय होईल ते मलाही ठाऊक नाही. खाली मान घालावी लागेल म्हणता ना? घातली तर तुम्हाला नमस्कार करण्यासाठी घालीन.

सोमवारी, अकरा तारखेला, मी दुसऱ्या एका कामासाठी कल्याण कोर्टात होते. तुमचा जबाब त्याच दिवशी आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. मी समोर आले नाही, जिन्याजवळच्या खांबामागे उभी राहिले. वकिलाला शोभत नाही, पण मुलीला चालतं.

तुम्ही न्यायाधीशांसमोर काय बोललात ते मी ऐकलं नाही, विचारणारही नाही. तुम्ही बाहेर आलात, तुमचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. व्हरांडा भरलेला. साहेबांचे फोटो असलेले बिल्ले लावून पन्नासेक माणसं उभी, त्यात आपल्या ठाकुर्लीचे निम्मे ओळखीचे, मायाताईसुद्धा. भिंतीकडच्या बाकावर आयरीनमावशी आणि डिनो, त्याचाही जबाब होता. तुम्ही सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिलात आणि काहीतरी हळू बोललात. मला ऐकू आलं नाही.

डिनोलाही नाही. त्या तीन दिवसांत त्याचा डावा कान गेलाय. त्याने मान वळवली, उजवा कान तुमच्याकडे केला आणि पुन्हा सांगा म्हणाला.

तुम्ही एकदा त्या गर्दीकडे पाहिलंत. मला वाटलं, आता निघून येतील. मग तुम्ही पोस्टाच्या खिडकीतून नाव पुकारायचात तशा आवाजात बोललात, की मी कोपरला आलोच नव्हतो, सही खोटी होती, तुझ्यासाठी शब्द टाकायला गेलो आणि तुझ्याच विरुद्ध सही करून आलो, मला क्षमा कर. बिल्लेवाले सगळे वळले. मायाताईंनी तोंडावर पदर धरला. कुणीतरी तुम्हाला शिवी दिली. तुम्ही तिकडे पाहिलंही नाहीत, हात जोडून त्याच्या उत्तरासाठी थांबलात.

लहानपणी मला वाटायचं की माझ्या बाबांचं कधी काही चुकत नाही. बाबा, त्या वेळी वाटायचा त्याहून जास्त अभिमान मला सोमवारी वाटला, आणि मी त्या खांबामागे रडले.

डिनो क्षमा केली असं म्हणाला नाही. आता ऐकू आलं, एवढंच म्हणाला, आणि आईचा हात धरून जिना उतरला.

कळावे. लोभ करायला तुम्हीच शिकवलंत, तो आता माझ्याकडून घ्यावा.

तुमची,
ऋजुता