अप्पांचा काचेचा ठोकळा

सोमवार, ४ फेब्रुवारी २००२

काल चुकीचं लिहिलं. 'अप्पांचा कॉम्प्युटर आपोआप लागला' — नाही. अव्वानं पूजेनंतर त्याच्या वरच्या काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली. तिथं गोल खूण आहे, बोट टेकलं की तो जागा होतो. मला माहीत होतं. अव्वाला नाही. तरी लिहिलं नाही.

अप्पांनी मला घरीच, छपाईचे खिळे जुळवून अक्षरं शिकवली. चूक दिसली की तिथंच दुरुस्त करायची, म्हणायचे.

मग उरलेलंही लिहिते. अव्वानं निपाणीच्या वीरेशचं स्थळ सांगितलं, बोटं ओढली अन् दिवा लागला. "बघ, ह्यांनी व्हय म्हटलं की गं!" आम्ही मायलेकी रडलो. अप्पांची प्रेस सोडून मी लग्नाला हो म्हटलं — गेलेल्या माणसाचा शब्द म्हणून!

बुधवार, ६

आज त्या खुणेचं अव्वाला सांगणार होते. पण अव्वा हसली — दिवाळीनंतर पहिल्यांदा. नाही सांगितलं.

गुरुवार, ७

केवढ्या हौसेनं अप्पांनी हा ठोकळा आणला होता शाहूपुरीतल्या प्रेससाठी! काचेत तरंगल्यासारखा. पंखा नाही, आवाज नाही, दाबायचं बटणही नाही. लोक बघायला आले, पत्रिका छापायला कुणी नाही. काका म्हणाले, "दादा, फिशटँक आणलासा, मासं कुठं हाईत?" अप्पाच सगळ्यांत मोठ्यानं हसले. वर्षभरात कंपनीनंच तो बनवायचा बंद केला. दिवाळीत अप्पा गेले.

आता तो पांढरा दिवा मंद होतो, उजळतो, मंद होतो. कुणी झोपेत श्वास घ्यावा तसा. त्याच्याकडे पाठ करून मला बसवत नाही.

सोमवार, ११

काल वीज गेल्यापासून ठोकळा बंदच होता. काकांनी त्याला गिऱ्हाईक आणलं. अव्वा म्हणाली, "थांबा, ह्यांस्नी इचारते." बोटं ओढली. दिवा लागलाच नाही! "न्हाय म्हणत्यात." काका गिऱ्हाईकाला घेऊन परतले.

क्षणभर मीही खरं मानलं. मग जवळ जाऊन पाहिलं — विभूती पुढच्या काचेवर होती. खुणेपासून लांब.

योगायोग असेल. असेलच ना?

बुधवार, १३

फडकं घेऊन वरची काच पुसायला गेले. मागून अव्वा म्हणाली, "त्यो डाग ऱ्हाऊ दे. मला जागा कशी घावंल मग?"

म्हणजे खूण तिला ठाऊक होती! फडकं घडी करून ठेवलं.

साखरपुडा रविवारी, १७ तारखेला. त्या सकाळी सगळ्यांसमोर अप्पांना मी विचारणार. खुणेला हात न लावता.