तिसरं डबडं

१२ नोव्हेंबर १९४१

तिसरा कॅमेरा घेतला! सुरतेच्या जुन्या बाजारात, सात रुपयांना. घडीचा आहे — मिटला की कोटाच्या खिशात मावतो. आधीच्या दोघांचे खटके अडकायचे, म्हणून या वेळी दुकानात उभ्या उभ्या वीसदा खटका दाबून पाहिला. पुढचा कातडी भाता उन्हाकडे धरला, तर एक बारीक भोक. ते दाखवूनच भाव उतरवला. मास्तर असलो म्हणून काय झालं!

बायकोनं, छबूनं कपाळाला हात लावला. "घरमा आजून एक डबडं!"

१६ नोव्हेंबर

भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. उजेड बंद.

२ डिसेंबर

धाकट्या भावाचं, भाईदासचं पत्र. परमुलखात लष्कराची लॉरी चालवतो. लग्नानंतर दोन महिन्यांत भरती झाला, त्याला दीड वर्ष झालं. लिहितो — "भाऊ, तुमच्या कॅमेऱ्यांपैकी एखादा चालत असेल तर सिंधूचा फोटो पाठवा. तोंड दिसेल असा. तेवढंच मागतो."

तोंड दिसेल असा! मी जेठ, तिचा थोरला दीर. माझ्यासमोर तिचा पदर हनुवटीखाली असतो. लग्न झाल्यापासून तिचं तोंड मी पाहिलेलं नाही. या घरात त्यानं तरी दिवसाउजेडी कितीदा पाहिलं असेल?

५ डिसेंबर

छबूला विचारलं. "तुमना म्होरे ती पदर काढाव नही." मग तूच काढ फोटो, म्हटलं. "मी काय फोटोवाली शे का?" पण दुपारभर शिकली. रिकाम्या कॅमेऱ्यानं म्हशीचे दहा फोटो काढले.

७ डिसेंबर

मी खळ्यात जाऊन बसलो. घरातून दोघींच्या हसण्याचे आवाज. सिंधू हसते हे आजच कळलं. छबूनं रोलचे आठही फोटो एका दमात संपवले!

१५ डिसेंबर

सुरत. फोटोवाला म्हणाला, आठपैकी एकच जमलाय. दुकानात तोबा गर्दी. संध्याकाळी बंद पाकीट हातात ठेवलं — "बघून घ्या."

नाही बघितलं. आपल्या कॅमेऱ्याचा फोटो आणि तो बघायचा नाही! हात नुसते शिवशिवत होते. पण भावाची बायको. तिनं माझ्यासाठी पदर काढला नव्हता. पाकीट तसंच लिफाफ्यात घातलं, पत्ता लिहिला, टपालात टाकलं. गाडीत स्वतःवरच खूश होतो.

१६ डिसेंबर

छबू भडकली. "आमले दखाडाना व्हता ना!" खरंच की. आधी दोघींना दाखवावा, हे सुचलंच नाही.

२ मार्च १९४२

भाईदासचं उत्तर! ओट्यावर मोठ्यानं वाचलं, सिंधू दाराआड. "फोटो पोचला. पाहून रडलो. सिंधू फार वाळली आहे, तिला नीट खाऊ घाला. फोटो खिशातच असतो. लॉरी थांबली की काढून पाहतो."

आतून बांगड्या वाजल्या. छबू बाहेर आली — "ती म्हनस, फिरी वाचा." फिरून वाचलं. सात रुपये सार्थकी लागले.

दोघींना फोटो पाहायचाय. दुसऱ्या प्रतीसाठी सुरतेला कार्ड टाकलं.

१० मार्च

सिंधू रोज एक भाकरी जास्त खाते आहे. नवऱ्यानं लिहिलंय ना!

१९ मार्च

सुरतेहून पाकीट, सोबत चिठ्ठी — त्या दिवशी गर्दीत पाकिटं बदलली. तुमचा पत्ता नव्हता, म्हणून कळवता आलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या मुलीचा फोटो तुमच्याकडे आला आहे. ते लोक रोज विचारतात, तो परत पाठवावा. तुमचा हा सोबत.

या वेळी बघितला. आमचंच दार. कोपऱ्यात छबूचं बोट. दारात हसणारी एक मुलगी, चांगली गुटगुटीत. वाळलेली मुळीच नाही.